‘हलका’ डेस्कटॉप म्हणावं का?

एका वाचकाचा प्रश्न आहे. जुन्या लॅपटॉपवर त्यांनी लिनक्स या संगणकप्रणालीचं एक नवं लाइटवेट डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट टाकलं, म्हणजे पट्टी, मेनू, खिडक्या असा पडद्यावरचा सगळा संच, तोही मशीनला न दमवणारा. त्याबद्दल मराठीत लिहायचं म्हणून पहिलं वाक्य भाषांतराच्या यंत्रात घातलं, तर उत्तर आलं : ‘मी एक नवीन हलके लिनक्स डेस्कटॉप पर्यावरण प्रयत्न केला.’ ते लिहितात, ‘वाक्य बिघडलंय एवढं कळतं, पण ‘हलके’मध्ये नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही. लाइटवेटला चांगला मराठी शब्द आहे का?’

खटकतं ते बरोबरच खटकतं. या वाक्यात तीन ठिकाणी घसरण आहे, पण ‘प्रयत्न’ आणि ‘पर्यावरण’ लवकर आटपतील. ‘हलके’ आटपणार नाही.

‘हलका’ या शब्दाला मराठीत दोन घरं आहेत. हलकी पिशवी, हलका आहार, हलकी झोप, हलक्या हाताने, मन हलकं झालं, इथे तो अगदी सज्जन असतो. दुसऱ्या घरात हलकं कापड, हलकी जमीन, हलक्या प्रतीचा कागद, हलक्या कानाचा माणूस. शब्द सध्या कुठल्या घरात बसलाय हे ओळखायचं तर त्याच्या समोर विरुद्धार्थी शब्द ठेवून बघावा. पिशवीसमोर ‘जड’ येतो, कापडासमोर ‘भारी’ किंवा ‘उंची’. ‘भिंतीला हलका रंग दिलाय’ या वाक्यात तर दोन्ही घरांची दारं उघडी आहेत. रंग फिका आहे की स्वस्तातला, हे बोलणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं.

सॉफ्टवेअरला वजन नसतं, घोळ होतो तो तिथेच. पिशवी, सायकल, खुर्ची हलकी म्हटली की हात आपोआप उचलून बघायला जातो. डेस्कटॉप उचलता येत नाही, त्यामुळे वजनाचा अर्थ गळून पडतो आणि मागे दर्जाचा अर्थ उरतो. झोपेलाही वजन नसतं हे खरं, पण ‘हलकी झोप’ हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे, त्यामुळे तिथे गैरसमज होत नाही. ‘हलका डेस्कटॉप’ अजून तसा रुळलेला नाही. शिवाय ‘हलकट’ शेजारीच उभा असतो, त्याची सावली पडतेच.

त्यात ‘भारी’ने आणखी गंमत केली आहे. जडपणा सांगणारा हा शब्द बोलण्यात कधीच कौतुकाचा होऊन बसला. ‘काय भारी डेस्कटॉप आहे!’ असं कुणी म्हणालं तर त्याने मशीन दमतं असा अर्थ एकही माणूस घेणार नाही. म्हणजे ‘भारी’ म्हटलं की स्तुती आणि ‘हलका’ म्हटलं की निंदा, अशी ही जोडी झाली आहे. लाइटवेटवाल्यांना सांगायचं असतं नेमकं उलट.

इंग्रजीत हा त्रास नाही असं मात्र समजू नका. ज्याच्या बोलण्याला वजन नाही अशा माणसालाही इंग्रजीत लाइटवेटच म्हणतात. संगणकवाल्यांनी तो शब्द वापरून वापरून इतका घासला की निदान त्यांच्या आळीत तरी त्याचा कमीपणा निघून गेला. २००६ साली सुरू झालेल्या एलएक्सडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या नावातला पहिला ‘एल’ म्हणजे लाइटवेट, आणि एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉपही स्वतःची ओळख करून देताना हेच विशेषण अभिमानाने लावतो. मराठीतही ‘हलका’ असा घासून घेता येईल का? येईलही. पण त्यासाठी लिहिणारे हवेत, आणि तोवर वाचणाऱ्याला दरवेळी ठेच लागणार.

आता थोडं कुळ बघू. संस्कृत ‘लघु’चं प्राकृतात ‘लहु’ झालं, मग अक्षरांनी जागा बदलल्या आणि ‘हलु’ झालं. आपले ‘हलका’ आणि ‘हळू’ दोघेही त्या घरचे. म्हणजे ज्या डेस्कटॉपची सगळी ख्याती वेगाबद्दल, त्याच्या विशेषणाचा सख्खा भाऊ ‘हळू’! मुळात मात्र असं नव्हतं. संस्कृतात ‘लघु’ म्हणजे चपळसुद्धा, आणि ‘हस्तलाघव’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. शेतीच्या बोलीतही तो टिकलाय. भाताच्या जातींना ‘हळवं’, ‘निमगरवं’ आणि ‘गरवं’ म्हणतात. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं, गरवं म्हणजे उशिरा, आणि ‘गरवं’मध्ये ‘गुरु’ म्हणजे जड बसलेला आहे. हलकं ते लवकर, जड ते उशिरा. डेस्कटॉपसाठी इतकी चपखल जोडी शोधून सापडणार नाही. एलएक्सक्यूटी नावाचा डेस्कटॉप हळवं, एक्सएफसीई निमगरवं, आणि ग्नोम हा जड डेस्कटॉप गरवं! दुर्दैवाने आज ‘हळवा’ म्हटलं की डोळ्यांत पाणी आणणारा माणूस समोर येतो, आणि दोनदा क्लिक केल्यावर रडणारा डेस्कटॉप कुणाला हवाय? म्हणून हा शब्द नाइलाजाने सोडून देतो.

कोशात शोधण्यापेक्षा लोक बोलतात काय ते ऐकावं. मशीन मंदावलं की मराठी माणूस ‘माझ्या संगणकावरील आज्ञावलीचा भार वाढला आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ब्राउझर सगळी रॅम खातोय.’ सॉफ्टवेअरचं माप आपण वजनाने करत नाही, भुकेने करतो. रॅम खातं, बॅटरी खातं, जागा खातं, डेटा खातं, हे सगळं कुणी न शिकवता आलेलं आहे. म्हणून लाइटवेटचं सगळ्यात सहज मराठी मला ‘कमी खाणारा’ हेच वाटतं. ‘रॅम कमी खाणारा डेस्कटॉप’ म्हटलं की काय कमी आणि कुणाचं कमी, हे दोन्ही एका दमात कळतं. मूळ इंग्रजी शब्द यातलं काहीच सांगत नाही.

हे मला कळलं ते अशाच एका लॅपटॉपवर, २ जीबी रॅमच्या. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावर क्लिक करून नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी एलएक्सक्यूटी निवडलं आणि आत शिरलो. खाली एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मेनू उमलत-बिमलत नाही, टपकन उघडतो. खिडकी मिटताना विरघळत जात नाही, मिटते आणि संपलं. आज्ञा टाइप करायची खिडकी, म्हणजे टर्मिनल उघडून रॅम किती वापरात आहे ते सांगणारी ‘फ्री’ ही आज्ञा दिली, तर ‘यूज्ड’च्या रकान्यात अर्धा जीबीही भरलेला नव्हता. शेजारी बसलेल्याला मी उत्साहाने म्हणालो, ‘बघ, किती हलका आहे!’ तो म्हणाला, ‘दिसतोय खरा तसा.’ त्याला खरंच तो हलक्या प्रतीचा वाटला होता. सावल्या नाहीत, काचेसारखी पारदर्शक पट्टी नाही, त्यामुळे त्याचाही दोष नव्हता. मग मी वाक्य बदललं : ‘अरे, रॅम खातच नाही हा.’ यावर मात्र त्याने मान डोलावली आणि स्वतःच्या लॅपटॉपची तक्रार सांगायला घेतली. (नंतर ब्राउझरचे आठ टॅब उघडले आणि अर्ध्या जीबीचं सगळं कौतुक दोन मिनिटांत वाहून गेलं, ते वेगळं. डेस्कटॉप कमी खातो म्हणून त्यावर बसणारे उपाशी राहत नाहीत.)

‘हलका’ मग टाकूनच द्यायचा का? नाही. त्याला नामाच्या आधी बसवू नका, एवढंच. मराठीत ‘पचायला हलका’, ‘उचलायला हलका’, ‘वापरायला हलका’ अशी एक छान रचना आहे. कशाच्या बाबतीत हलका हे आधीच सांगून टाकलं की दर्जाचा अर्थ आत शिरत नाही. ‘जुन्या मशीनवर चालवायला हलका’ हे निर्धोक आहे. तुलना जोडली तर आणखी बरं, कारण हे विशेषण मुळात सापेक्षच आहे. ग्नोमवरून आलेल्याला एक्सएफसीई पिसासारखं वाटतं, आणि ओपनबॉक्स या नुसत्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर दिवस काढणाऱ्याला तेच एक्सएफसीई लठ्ठ वाटतं. ‘त्यामानाने हलका’ असं लिहिलं की दोघांचंही भांडण मिटतं.

इतर पर्यायही लोक सुचवतात. ‘सुटसुटीत’ मला फार आवडतो, पण तो दिसण्या-वापरण्याबद्दल बोलतो, भुकेबद्दल नाही. सुटसुटीत दिसणारं सॉफ्टवेअर आतून खादाड असू शकतं, आणि उलटही. ‘आटोपशीर’ डिस्कवरच्या आकाराला शोभतो. ‘काटक’ हा माझा लाडका : अंगावर मांस नाही, पण पडेल ते काम करतो आणि कुरकुरत नाही. दहा-बारा वर्षांच्या मशीनवर दिवसभर राबणाऱ्या डेस्कटॉपला याहून नेमका शब्द नाही. फक्त तो लाइटवेटचं भाषांतर म्हणून नव्हे, तर तुमचं मत म्हणून वापरा. महिनाभर वापरल्यावरच एखाद्याला काटक म्हणता येतं. ‘लघुभार’, ‘अल्पभार’ वगैरे घडवलेले शब्द सरळ विसरा, ते वाचताना वीजमंडळाच्या नोटिशीचा भास होतो. आणि ‘लाइटवेट’ तसाच ठेवला तरी माझी हरकत नाही. वाचणारे लिनक्सवालेच असतील तर त्यांना तो रोजचाच आहे.

‘पर्यावरण’ मात्र काढाच. मराठी वाचकाला तिथे झाडं दिसतात. ‘वातावरण’ म्हटलं तर ढग येतात. मुळात हे ‘एन्व्हायर्न्मेंट’ आलं कुठून? १९९३ च्या सुमाराला युनिक्स ही लिनक्सच्या आधीची प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन सीडीई, म्हणजे ‘कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट’ आणलं. त्या नावावर कोटी करत १९९६ मध्ये केडीई हा डेस्कटॉप निघाला. त्याच साली सुरू झालेल्या एक्सएफसीईच्या शेवटी ‘ई’ आहे तोही तिथलाच, आणि पुढे एलएक्सडीईनेही तो चालवला. पट्टी, फाइल मॅनेजर, खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर, सेटिंग असा सगळा संच एका नावाखाली आहे, एवढंच त्यातून सांगायचं होतं. आता खुद्द तिकडेही काही नावांतून हा शब्द मागे पडलाय. केडीई हे २००९ पासून त्या समुदायाचं नाव झालं आणि डेस्कटॉपला प्लाझ्मा म्हणतात. एलएक्सडीईच्या, क्यूटी या साधनसंचावर बांधलेल्या आवृत्तीत रेझर-क्यूटी हा दुसरा डेस्कटॉप मिसळून जे एलएक्सक्यूटी झालं, त्याने तर ‘डीई’ नावातूनच काढून टाकलं. मग आपण तो का ओढत बसायचा? नुसतं ‘डेस्कटॉप’ लिहा. विंडो मॅनेजरशी फरक दाखवायचा असेल तिथे ‘पूर्ण डेस्कटॉप’ म्हणा, काम भागतं.

(नावांवरून आठवलं : बोधी या लिनक्सच्या एका अवताराने २०१५ मध्ये एन्लायटनमेंट या डेस्कटॉपच्या सतराव्या आवृत्तीतून स्वतःची वेगळी शाखा काढली, तिचं नाव ‘मोक्ष’. आधी बोध, मग मोक्ष, आणि मशीनच्या डोक्यावरचा भार उतरला. लाइटवेटला याहून देखणं भाषांतर अजून कुणी केलेलं नाही, पण ते विशेषण म्हणून चालवता येत नाही.)

राहिलं ‘प्रयत्न केला’. हा ‘ट्राय’चा शब्दशः पडलेला खडा. आपण प्रयत्न करतो तो अवघड गोष्टीसाठी, आणि बहुतेक वेळा ‘पण जमलं नाही’ हे त्यापुढे यायचंच असतं. ‘मी एलएक्सक्यूटीचा प्रयत्न केला’ वाचून वाटतं, इन्स्टॉलच झालं नाही बिचाऱ्याचं. ‘चाचणी घेतली’ म्हटलं तर तुम्ही हातात यादी घेऊन एकेक बटण तपासलं असं होतं. आपल्याकडे यासाठी क्रियापदाला ‘पाहणे’ किंवा ‘बघणे’ जोडायची सोय आहे : खाऊन बघितलं, विचारून पाहिलं, वापरून बघितलं. आवडलं तर ठेवू, नाहीतर काढू, हे सगळं त्या एका ‘बघितलं’मध्ये येतं.

‘नवीन’बद्दलही एक शंका. तो डेस्कटॉप नुकताच निघालाय की फक्त तुम्हाला नवा आहे? एलएक्सक्यूटीची पहिली आवृत्ती २०१४ ची आहे, त्याला नवीन म्हटलं तर जाणकार लगेच दुरुस्ती करायला धावतील. तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘जुन्या लॅपटॉपवर रॅम कमी खाणारा एक डेस्कटॉप वापरून बघितला, मला तो नवाच होता.’ डेस्कटॉपचं नाव तुम्ही सांगितलेलं नाही, तेवढं ‘एक’च्या जागी घाला.