बडोद्यात आमच्या चर्चच्या महिला मंडळात बायकांच्या तब्येतीसाठी काय सुरू करावं?

हिमोग्लोबिन तपासणीपासून सुरू करा, तीही रविवारी उपासना संपल्या संपल्या, कारण वेगळ्या दिवशी बोलावलं तर निम्म्या येतच नाहीत, आमच्या फत्तेगंजच्या मंडळात हेच बघितलंय. १२ च्या खाली (गरोदर असेल तर ११) म्हणजे अ‍ॅनिमिया (अंगात रक्त कमी), मग डॉक्टरला विचारून आयर्नची गोळी आणि जेवणावर लगेच चहा बंद, हे सगळ्यात जड जातं बघा! मनाचं म्हणाल तर प्रार्थनेला चार-पाच जणींचे गट करा, मोठ्या सभेत "झोप लागत नाही" असं कोणी बोलत नाही, आणि ऐकलेलं तिला विचारल्याशिवाय पाळकबाईंनाही सांगायचं नाही. फक्त कोणी जीव द्यायची भाषा केली तर नुसती प्रार्थना नको, लगेच टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे.