आरगॉन ‘निष्क्रिय’ कसा?

प्रश्न असा आला : आयटीआयच्या वर्गात आरगॉनला ‘निष्क्रिय वायू’ शिकवतात आणि वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करताना त्याच आरगॉनमधून दीडशे अँपिअरचा वीजप्रवाह जाताना दिसतो. मग शब्द चुकलाय का?

शब्द बरोबर आहे. फक्त त्यातली ‘क्रिया’ कुठली, ते पाहायला हवं. ती रासायनिक अभिक्रिया. तापलेलं ॲल्युमिनिअम ऑक्सिजनला लगेच धरतं, आरगॉनला नाही. म्हणून वितळलेल्या धातूवर त्याचं पांघरूण चालतं. विजेबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही.

विजेला थंड आरगॉन दुर्वाहकच. वेल्डिंगच्या टॉर्चमधल्या टंगस्टनच्या इलेक्ट्रोडचं टोक जॉबपासून, म्हणजे जोडायच्या धातूपासून, दोन-तीन मिलिमीटरवर नुसतं धरून आर्क (वायूतून वाहणाऱ्या विजेची सलग ज्योत) पकडत नाही, आधी हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी लागते. मग अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, वायू आयनित होतो आणि वीज वाहू लागते. पुढचं मला फार आवडतं. कमी अँपिअरला प्रवाह वाढवला, की व्होल्टेज चढण्याऐवजी उतरतं! आर्क जास्त तापतो, आयन वाढतात, विजेची वाट मोकळी होते. टॉर्च जरा वर उचलला, की मात्र व्होल्टेज चढतं. हेलियमही निष्क्रियच, पण त्याच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला 24.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आरगॉनचा 15.8 मध्ये सुटतो. तेवढ्याच अंतराला, तेवढ्याच अँपिअरला हेलियमचा आर्क जास्त व्होल्टेज मागतो. विशेषण एकच, पण विजेपुढे दोघांचा स्वभाव वेगळा.

आता नावाकडे. रॅले आणि रॅमझी या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हा वायू हवेतून वेगळा काढला आणि ग्रीकमधलं नाव दिलं. त्यातला ‘अ’ नकाराचा आणि ‘एर्गॉन’ म्हणजे काम. आपल्या ‘अक्रिय’ची घडण हुबेहूब तीच आहे, म्हणून मला ‘निष्क्रिय’पेक्षा ‘अक्रिय’ जवळचा वाटतो. शिवाय ‘निष्क्रिय’ला रोजच्या बोलण्यात ठपक्याचा वास येतो : निष्क्रिय प्रशासन, निष्क्रिय कार्यकर्ते. तरी पाठ्यपुस्तकात रुळलेला शब्द मोडू नये. लिहिताना तेवढा ‘ष’ सांभाळा. निष्काम, निष्पाप यांच्यासारखाच हा संधी आहे, ‘निश्क्रिय’ नव्हे.

‘उदासीन वायू’ मात्र म्हणू नका. उदासीन म्हणजे ज्यावर एकूण विद्युतभार नाही असा. आर्कमधले आरगॉनचे कितीतरी अणू तर धनभारित आयन झालेले असतात.