इतिहासात बीए करू की नको?

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. पीयूसी (बारावी) आर्ट्स चांगल्या मार्कांनी झाली. इतिहास घेऊन बीए करायची इच्छा आहे. बाबा म्हणतात, "आता सगळं एआय लिहितंय, बीएला कोण विचारणार? कॉम्प्युटरचा कोर्स कर." मॅडम, काय करू?

उत्तर: बाळ, बाबांची काळजी खरी आहे. साधं भाषांतर, सारांश, जाहिरातीचा मजकूर ही कामं एआय चुटकीसरशी करतं. त्यांच्या भरवशावर बीए करणार असशील तर करू नकोस.

पण आपल्या भागातलं एक काम बघ. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, आता ते कर्नाटकात आहे. त्यामुळे जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत, त्याआधीची कितीतरी मोडी या मराठीच्या जुन्या लिपीत आणि आजचा उतारा कन्नडात. जमिनीचा दावा लागला की वकिलांना या सगळ्याची सांगड घालणारा माणूस लागतो. माझ्या विद्यार्थ्यांनी असा एक मोडी कागद एआयला दाखवला. उत्तर आलं: जमीन विकली. आम्ही तो भिंगाखाली धरला. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यात घडीवर शाई उडालेली. शेवटच्या दोन ओळींत अट होती: मुदतीत रक्कम फेडली तर जमीन परत. सहीच्या जागी नांगराची निशाणी. म्हणजे लिहून देणाऱ्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं. मग कागद लिहिला कुणी, वाचून दाखवला का, साक्षीदार कुणाच्या बाजूचे? इतिहासाचा चांगला वर्ग हेच विचारायला शिकवतो. शिवाय कोर्टात उलटतपासणीला एआय उभं राहत नाही, वाचणारा माणूसच उभा राहतो.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती. पुरातत्त्व, अभिलेखागार, वकिली, शिक्षकी, सगळीकडे ही नजर उपयोगी पडते. नुसती पदवी मात्र पोट भरणार नाही, हे मी स्पष्ट सांगते. बीएसोबत मोडी शीक. एआय वापरायलाही शीक: पहिला खर्डा त्याच्याकडून घे, मग ओळ न् ओळ मूळ कागदाशी ताडून बघ. बाबांचा कॉम्प्युटरचा आग्रह त्यातच पुरा होईल.

तुझं कन्नड कसं आहे, ते तू लिहिलं नाहीस. केएएसच्या (कर्नाटक प्रशासकीय सेवेच्या) मुख्य परीक्षेत कन्नडचा पेपर सक्तीचा असतो आणि इथल्या कचेरीतलं कामही कन्नडातच चालतं. कच्चं असेल तर प्रवेशाची वाट न बघता आजच शिकवणी लाव.