कोच "फक्त आयएम" आहे, क्लास बदलावा का?

तुम्ही विचारलंय की मुलाचा बुद्धिबळाचा कोच फक्त इंटरनॅशनल मास्टर (आयएम) आहे, त्याच्या वरचं टायटल म्हणजे ग्रँडमास्टर नाही, तर क्लास बदलायचा का. बुद्धिबळाचे कोच मार्क द्वोरेत्स्कींचं नाव ऐकलंय का कधी? मॉस्कोचे, जन्म १९४७, शेवटपर्यंत आयएमच राहिले. खेळ कच्चा होता असं अजिबात नाही हं, १९७३ ला मॉस्कोची चॅम्पियनशिप जिंकली, १९७५ ला नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेचा बी गट मारला, पण तिशीच्या आसपास गडी स्वतःच्या स्पर्धा कमी करून शिकवण्यातच रमला.

आणि रिझल्ट बघा. त्यांच्याकडे तयार झालेली पोरं ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन होत गेली, १९७५ ला चेखोव, १९७७ ला युसुपोव, १९७८ ला दोल्मातोव. चार वर्षांत तीन! यातला युसुपोव पुढे कँडिडेट्सच्या (वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान देणारा ठरवणाऱ्या स्पर्धेच्या) सेमीफायनलला तीनदा पोचला, आणि नंतर जर्मनीत जाऊन तोही नावाजलेला कोच झाला.

ते करायचे काय, तर निवडक पोझिशन्सचा (पटावरच्या सोंगट्यांच्या मांडणीचा) कार्डांवर मोठा साठा करून ठेवलेला. पोरगा कुठे कमी पडतो हे आधी त्याच्या हरलेल्या डावांतून शोधायचं आणि मग नेमकी त्याच दुखण्यावरची कार्डं काढायची. समजा एखादा सारखा हल्ल्याच्या मागे आणि समोरच्याचा डाव बघतच नाही, तर त्याला अशी पोझिशन द्यायची की "समोरच्याला आत्ता काय खेळायचंय?" हे विचारल्याशिवाय चाल सापडणारच नाही. नुसतं उत्तर सांगून मोकळं व्हायचं नाही, पोझिशन पटावर खेळून काढायची. ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) पंधरा-वीस चाली पाठ करून घेणाऱ्या क्लासेसना हे झेपत नाही (फी मात्र झेपते!).

एंडगेमवरचं (डावाच्या शेवटच्या टप्प्यावरचं) त्यांचं जाडजूड पुस्तक २००३ ला आलं. त्यात आलंच पाहिजे असा भाग वेगळ्या रंगात छापलाय, बाकीचं नंतर वाचलं तरी चालतं. पण नवशिक्या पोराच्या हातात ते देऊ नका प्लीज, पळून जाईल.

तर टायटल सोडा, कोचला एवढंच विचारा की माझ्या मुलाचे गेल्या महिन्यात हरलेले डाव तुम्ही बघितलेत का, त्यात तो कुठे चुकतोय. पटकन आणि नेमकं सांगितलं तर क्लास बदलायची काही गरज नाही.