शेरी ही वाइन स्पेनची, मग तिच्या कंपन्यांची नावं ऑसबॉर्न, सँडमन, गार्वी अशी का?

कारण मोठं गिऱ्हाईक इंग्रज होतं. १५८७ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने स्पेनच्या कादिझ बंदरावर हल्ला केला, तेव्हा लुटीत शेरीची सुमारे २,९०० पिंपं उचलून नेली. म्हणजे जाहिरात शत्रूनेच केली म्हणायची! पुढे तिकडचे व्यापारीच शेरीच्या गावातल्या, म्हणजे स्पेनमधल्या हेरेझ परिसरातल्या, या धंद्यात उतरले: आयर्लंडचा विल्यम गार्वी, इंग्लंडचा थॉमस ऑसबॉर्न. स्कॉटलंडच्या जॉर्ज सँडमनने मात्र १७९० मध्ये दुकान मांडलं ते लंडनमध्ये, आणि शेरीबरोबर पोर्तुगालची पोर्ट वाइनही विकली.

मला सगळ्यात आवडते ती गोन्सालेस बायसची गोष्ट. १८३५ मध्ये मानुएल मारिया गोन्सालेस या तरुणाने ही कंपनी काढली. वाइनमधलं त्याला फारसं कळत नव्हतं. जाणकार होता त्याचा मामा होसे. म्हणून मामाच्या लाडक्या नावाने पिंपं वेगळी ठेवली गेली आणि त्यातूनच 'तिओ पेपे' (तिओ म्हणजे मामा, पेपे हे होसेचं लाडकं नाव) ही जगप्रसिद्ध फिनो, म्हणजे फिकट आणि कोरडी, शेरी आली. लंडनमधला एजंट रॉबर्ट ब्लेक बायस १८५५ मध्ये भागीदार झाला. बायस घराणं १९८८ मध्ये बाहेर पडलं, पण बाटलीवरचं नाव कोणी काढलं नाही. बाजारात चाललेलं नाव कोण बदलणार?

शेरीतलं आणखी एक मोठं नाव डोमेक मात्र इंग्रजी नाही, ते घराणं मूळचं फ्रेंच.