दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तू सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालीस आणि पुढच्या महिन्यापासून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची तुकडी तुझ्याकडे येणार आहे, हे वाचून फार आनंद झाला. जंतू, परजीवी आणि प्रतिकारशक्ती हे सारे एकाच वर्षात, तेही विकृतीशास्त्र आणि औषधशास्त्र यांच्या जोडीने शिकवायचे असल्यामुळे नावांचा ढीग होतो, तेव्हा त्यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे की समोरचा विद्यार्थी काही वर्षांत एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा बसणार आहे, हे गृहीत धरून तासाची आखणी कर. जी माहिती त्याचा तेथला निर्णय बदलू शकते ती आधी आणि सविस्तर शिकव, बाकीची पुस्तकावर सोपव.

2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने विषयाची मांडणी जंतूंच्या कुळांऐवजी शरीराच्या संस्थांनुसार केली, याचे मी मनापासून स्वागत केले. मात्र मांडणी बदलली म्हणून शिकवणे आपोआप बदलत नाही. टायफॉइडच्या तासाची सुरुवात आजही पुष्कळ ठिकाणी जंतूचा आकार, त्याची हालचाल आणि तो कोणत्या माध्यमावर वाढतो, येथूनच होते. तू ती तापाच्या रुग्णापासून कर. पाच दिवस ताप आहे, कोणता नमुना घ्याल, असे विचार. पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी), हे उत्तर कोणीतरी देईल. मग रक्त किती घ्यायचे, हा प्रश्न टाक. टायफॉइडच्या रुग्णाच्या एका मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जंतू असतो, हे कळले की प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त का हवे आणि ते प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधीच का घ्यायचे, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. त्याच तासात टायफॉइडविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडे (शरीराने जंतूंविरुद्ध बनवलेली प्रथिने) तपासणाऱ्या विडाल चाचणीचा विषय काढ. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही ती रोज होते, आणि पूर्वीच्या संसर्गामुळे रक्तात प्रतिपिंडे आधीपासूनच असू शकतात म्हणून एकट्या विडालच्या अहवालावर निदान करणे धोक्याचे ठरते. हे ज्याला नीट समजले त्याच्या हातून पुढे कित्येक रुग्णांना नको असलेली औषधे दिली जाणार नाहीत.

परजीवीशास्त्रात विद्यार्थी जीवनचक्रांना घाबरतात, आणि त्याचे कारण आपली शिकवण्याची पद्धत आहे. फळ्यावरच्या चक्रातला प्रत्येक बाण म्हणजे साखळी तोडता येण्याची एक जागा आहे, एवढे जरी तू त्यांच्या मनात पक्के केलेस तरी मोठे काम होईल. त्यासाठी नारूइतके उत्तम उदाहरण मला दुसरे दिसत नाही. पायाला नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, पाण्याचा स्पर्श होताच कृमीची मादी अळ्या सोडते, सायक्लॉप्स नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव त्या गिळतात, तेच पाणी कोणीतरी पितो आणि जवळपास वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर येऊ लागतो. या रोगावर ना लस होती ना गुणकारी औषध. तरीही पाणी कापडातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी पाणी ओढून काढण्याची सोय करणे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे रसायन टाकणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्या उपायांवर देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. महाराष्ट्रातही हा रोग होता. आजच्या मुलांनी तो पाहिलेला नाही, पण त्यांच्या आजी-आजोबांना तो आठवत असेल. घरी विचारून यायला सांग.

नारू समजला की डुकरामधील पट्टकृमीकडे वळ, कारण येथे भले भले चुकतात. अर्धे कच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात प्रौढ कृमी वाढतो; मेंदूत गाठी होतात त्या मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने, म्हणजे विष्ठेने दूषित झालेली भाजी, पाणी किंवा न धुतलेले हात यांमधून. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही पहिल्यांदा झटका येतो आणि स्कॅनमध्ये न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूतल्या याच गाठींचा आजार, निघतो. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ हे नातेवाइकांचे वाक्य ऐकून निदान बाजूला ठेवणारा डॉक्टर तुझ्या वर्गातून बाहेर पडता कामा नये. त्याचप्रमाणे विदर्भातल्या हत्तीरोगाच्या सर्वेक्षणात कर्मचारी रात्री उशिरा घरोघरी जाऊन रक्त का घेतात, हे सूक्ष्मफायलेरियाच्या, म्हणजे त्या कृमीच्या सूक्ष्म अळ्यांच्या, रात्री त्वचेजवळच्या रक्तात येण्याच्या सवयीवरून आणि क्युलेक्स डासाच्या रात्री चावण्याच्या वेळेवरून त्यांना स्वतःच काढू दे.

प्रतिकारशास्त्राबद्दल तुला अधिक धास्ती वाटते, असे पत्रावरून दिसते. ते साहजिक आहे, कारण पेशी आणि सायटोकाइन (पेशींमधले निरोप पोहोचवणारी प्रथिने) यांची नावे डोळ्यांना काहीच दाखवत नाहीत. माझा सल्ला असा की सुरुवात कुष्ठरोगापासून कर. एकच जंतू, पण रुग्ण दोन. एकाच्या त्वचेवर मोजकेच बधिर चट्टे, स्मिअरमध्ये (काचेवर पसरून रंगवलेल्या नमुन्यात) जंतू जवळजवळ नाहीत आणि लेप्रोमिन ही त्वचेत टोचून प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद पाहण्याची चाचणी सकारात्मक; दुसऱ्याची त्वचा सर्वदूर जाड झालेली, कानाच्या पाळीच्या स्मिअरमध्ये जंतूंचे पुंजके आणि लेप्रोमिन नकारात्मक. हा फरक जंतूचा नाही, रुग्णाच्या टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, प्रतिसादाचा आहे, हे दोन स्लाइड शेजारी ठेवून दाखवता येते. याच्या पुढची पायरी अधिक मोलाची आहे: पहिल्या रुग्णाच्या मज्जातंतूची हानी बरीचशी त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच केलेली असते. त्यामुळे उपचार चालू असताना मज्जातंतू अचानक सुजला, तर स्टेरॉइड देऊन दाह शमवायचा, पण कुष्ठरोगाची औषधे थांबवायची नाहीत. विदर्भातल्या रुग्णालयांत असे रुग्ण आजही येतात, आणि उशीर झाला तर हाताची बोटे कायमची वाकतात. टी-पेशींचे प्रकार समजून घेण्याची निकड विद्यार्थ्याला येथे वाटते.

तयार प्रतिपिंडे आणि शरीराने बनवलेली प्रतिपिंडे यांतला भेद शिकवायला कुत्रा चावलेला रुग्ण घे. जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुतली, लस दिली, मग खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, कशासाठी, आणि लसीच्या पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटले की ते का देत नाहीत, हे दोनच प्रश्न पुरेत. नंतर सर्पदंशाकडे ये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषांवर चालणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, म्हणून त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ही प्रतिक्रिया बहुधा ॲलर्जी घडवणाऱ्या आयजीई प्रतिपिंडांमुळे होत नाही, घोड्याचा रक्तद्रव पूर्वी कधीही न मिळालेल्या माणसालाही पहिल्याच बाटलीला होते आणि म्हणून त्वचेवरची चाचणी ती आधी ओळखू शकत नाही, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. चाचणीत वेळ घालवण्यापेक्षा ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

रक्तगटाच्या तासाला मुंबई विसरू नकोस. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत वर्णन केलेला ‘बॉम्बे’ रक्तगट साध्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतो. पण या लोकांच्या पेशींवर एच हा प्रतिजनच (ओ गटाच्या पेशींवरही असणारा ओळखखुणेसारखा रेणू) नसतो आणि रक्तद्रवात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे त्यांना ओ गटाचे रक्तही घातक ठरते. उलट बाजूची, म्हणजे रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांची, तपासणी आणि क्रॉसमॅच (दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळते का हे पाहणे) टाळू नये, हे याहून स्पष्ट कशाने समजेल? आपल्या भागातले असे संदर्भ जागोजागी आहेत. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाचा विषाणू आहे, हाफकिन यांनी प्लेगची लस 1897 मध्ये मुंबईत तयार केली, आणि सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना 2016 मध्ये क्यासनूर जंगलातला ताप (माकडताप) आला. ते ज्या त्या तासाला आपसूक यावेत.

प्रॅक्टिकलविषयी मी आग्रही आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा स्मिअर करावा, स्वतः रंगवावा आणि तो बिघडला तर का बिघडला हे स्वतः सांगावे. ग्राम स्टेन या जंतू रंगवण्याच्या पद्धतीत रंग धुणारे ॲसिटोन काही क्षण जास्त राहिले की जांभळे जंतू गुलाबी दिसू लागतात, आणि स्मिअर जाड झाला की याच्या उलट घडते. हे दोन्ही प्रकार मुद्दाम घडवून दाखव. टेक्निशियनने आयती रंगवून ठेवलेली स्लाइड पाहून जर्नलमध्ये चित्र काढणाऱ्या मुलाला पुढे लॅबचा अहवाल आणि रुग्ण यांचे जुळत नसेल तेव्हा शंका घेताच येणार नाही. बेडक्याचा नमुना म्हणून लाळ आली तर तो परत पाठवायला याच खोलीत शिकव, कारण एका मिलिलिटरमध्ये साधारण 10,000 क्षयजंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत.

मराठी माध्यमातून आलेली मुले पहिले काही महिने मागे बसून गप्प राहतात. व्याख्यान इंग्रजीत होईल, पण प्रॅक्टिकलच्या टेबलावर त्यांच्याशी मराठीत बोल आणि त्यांनाही मराठीत उत्तर देऊ दे. उद्या रुग्णाला ते याच भाषेत समजावणार आहेत.

व्हायवाला जंतूंची वैशिष्ट्ये मोजायला लावू नकोस. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत गेलेल्या माणसाला आठ दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल आहेत. आज कोणता नमुना, पुढच्या आठवड्यात कोणती चाचणी, आणि अहवालाची वाट पाहायची की उपचार आजच सुरू करायचे, असे विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. लेप्टोस्पायरा या जंतूचे नाव ऐनवेळी न आठवणाऱ्या, पण उपचार आजच हवेत असे कारणासह सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण नापास कधीच करणार नाही.

पहिल्या सत्राचे वेळापत्रक ठरले की पाठव. प्रतिकारशास्त्राचे तास कुठे ठेवले आहेस ते आधी पाहीन. ते संसर्गाच्या तासांपासून फार दूर पडत असतील तर विभागप्रमुखांशी आताच बोल, सत्र सुरू झाल्यावर बदल करणे अवघड जाते.

तुझा शुभचिंतक