'चूक शोधा' प्रश्नांत इडियमची चूक कशी ओळखावी?

व्याकरणाचे नियम तोंडपाठ असूनही स्टाफ सिलेक्शन आणि बँकेच्या परीक्षांत इडियमची चूक नेमकी निसटते, त्यावर उपाय काय, असे तुम्ही विचारले आहे. अमळनेरला मुलांना इंग्रजी शिकवताना मी ही तक्रार नेहमी ऐकतो.

येथे इडियम म्हणजे म्हण नव्हे, तर एखाद्या शब्दापुढे कोणते प्रिपोझिशन ('टू', 'ऑन', 'ऑफ' यांसारखा संबंध दाखवणारा शब्द) यावे, किंवा येऊच नये, याची रूढी होय. तिच्यामागे बहुधा तर्क सापडत नाही. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे मूळचे लॅटिन शब्द मात्र एकगठ्ठा लक्षात राहतात, कारण त्यांच्यापुढे 'दॅन' न येता 'टू' येते.

'कानाला बरे वाटेल ते निवडा' हा सल्ला ज्यांच्या घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी फक्त पेपरात, अशा आपल्या मुलांच्या काहीच कामाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण 'विषयावर चर्चा' करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' खटकत नाही; 'भुसावळला पोहोचलो' म्हणतो म्हणून 'रीच्ड टू भुसावळ' बरोबर वाटते; आणि लग्न कुणाशी तरी होते म्हणून 'मॅरीड विथ' सहज लिहिले जाते. पहिल्या दोन ठिकाणी प्रिपोझिशनच नको, तिसऱ्या ठिकाणी 'टू' हवे. म्हणून मराठीतून शब्दशः जुळणारी रचना दिसली की आधी तिच्यावरच संशय घ्यावा.

दुसरी अडचण अंतराची. 'द कमिटी रिगार्डेड द प्रपोजल, विच हॅड बीन पेंडिंग फॉर मंथ्स, टू बी इम्प्रॅक्टिकल' या वाक्यात स्वल्पविरामांमधला मजकूर पेन्सिलीने खोडून पाहा. 'रिगार्डेड'ला 'अ‍ॅज' लागते आणि येथे 'टू बी' आले आहे, हे लगेच दिसेल. मात्र 'कन्सिडर'ला हाच न्याय लावू नका. परीक्षेत त्याच्यापुढे 'अ‍ॅज' आले की ते चूकच धरतात.

पाठांतर करायचेच तर सुट्या प्रिपोझिशनचे नको. 'इन्सिस्ट ऑन', 'केपेबल ऑफ', 'प्रिफर टू' अशा जोड्या जुन्या प्रश्नपत्रिकांतून वहीत उतरवून, प्रत्येकीचे एक वाक्य स्वतः तयार करावे. जीमॅटची (व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करणाऱ्यांनी मात्र यात वेळ घालवू नये, कारण 2023 मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात वाक्यदुरुस्तीचे प्रश्नच उरलेले नाहीत. आणि अमेरिकेत 'डिफरंट दॅन' सर्रास ऐकू येत असले, तरी आपल्या पेपरात 'डिफरंट फ्रॉम'च निवडावे.